मास्तरीण सावित्रीमाई

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप समितीकडून आला तेव्हा आम्ही रातपाळीवर होतो. विषय आमच्यावरच सोपवला होता. दरवर्षी स्मरणिकेत तथागतांवर लेख येतात, परमपूज्य बाबासाहेबांवर येतात, आणि ते यायलाच पाहिजेत. पण विहारात संध्याकाळी सतरंज्या टाकून जो अभ्यासवर्ग चालतो, तिथल्या भिंतीवर सावित्रीमाईंचाही फोटो आहे. त्या फोटोखाली वस्तीतल्याच दोन-तीन पोरी लहान मुलांना पाढे आणि बाराखडी शिकवतात. त्यातल्या एकीनं मागं आम्हाला सहज विचारलं, की काका, माईंना पगार किती होता? आम्ही गप्प झालो. तीस वर्षं जयंतीला भाषणं ठोकणाऱ्या माणसाला एवढं सांगता येऊ नये, याची लाज वाटली.

दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो की शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून एक तरी पुस्तक घरी आणायचं, हा आमचा नेम आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ साली काढलेलं, मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय असंच कधीतरी आणलेलं होतं. धनंजय कीरांनी लिहिलेलं जोतीरावांचं चरित्रही कपाटात होतंच. पाळी संपवून आलो आणि दोन्ही पुस्तकं पुन्हा उघडली. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. माईंना पगार नव्हता. ज्या शाळांनी या देशाचा इतिहास बदलला, तिथं त्यांनी बिनपगारी काम केलं. मग म्हटलं, या वेळी क्रांतिज्योती वगैरे बाजूला ठेवू आणि मास्तरीण सावित्रीमाईंवरच लिहू.

सातारा जिल्ह्यातलं नायगाव. आज ते खंडाळा तालुक्यात येतं. तिथं खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीचा जन्म झाला. १८४० साली पुण्याच्या गोविंदराव फुल्यांचा मुलगा जोतीराव याच्याशी लग्न झालं. नवरी नऊ वर्षांची, नवरा तेरा वर्षांचा. सासरी आली तेव्हा मुलीला अक्षरओळख नव्हती. त्या काळात कुणाच्याच मुलीला नव्हती म्हणा, पाटलाची असो की महाराची.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जोतीरावांची स्वतःची शाळा एकदा मध्येच तुटली होती. शूद्राच्या पोरानं शिकून काय करायचं, या लोकांच्या बोलण्यानं गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी बापाला समजावलं, म्हणून १८४१ साली पोरगं परत शाळेत बसलं. म्हणजे एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती माणूस दारात येऊन बोलले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. शाळा तुटणं काय असतं आणि कुणी दारात येणं काय असतं, हे जोतीरावांना असं अनुभवानं कळलेलं होतं. तेच त्यांनी बायकोला दिलं. घरीच सावित्रीबाईंना आणि सगुणाबाई क्षीरसागर यांना शिकवलं. सगुणाबाई म्हणजे आईवेगळ्या जोतीरावांना ज्यांनी वाढवलं त्या मावसबहीण. पुढं पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये माईंनी शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. हे आमच्या भाषणांतून नेहमी राहून जातं. माई नुसत्या हिमतीवर वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. आधी शिकवायचं कसं हे त्या शिकल्या.

अहमदनगरला फरारबाई मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून जोतीरावांच्या मनानं घेतलं आणि १८४८ साली बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. पहिल्या सहा मुली. त्यांत चार ब्राह्मण, एक मराठा, एक धनगर. शिकवायला सतरा वर्षांच्या सावित्रीबाई. हा भिडे वाडा पडझड होऊन कितीतरी वर्षं तसाच उभा होता. कोर्टकचेरी झाली आणि राष्ट्रीय स्मारकासाठी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवला गेला. आम्ही एकदा पुण्याला गेलो असताना दगडूशेठ गणपतीच्या समोरच तो मोडका वाडा पाहिला होता. दर्शनाची रांग लांबपर्यंत होती. वाड्याकडे मान वळवून बघणारे आम्ही चौघंच.

अंगावर शेण, चिखल, दगड आले हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. फुल्यांकडे शिपाई म्हणून असलेले बळवंत सखाराम कोल्हे यांनी या आठवणी सांगून ठेवल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. एक लुगडं नेसून जायचं, शाळेत पोचलं की ते बदलून दुसरं नेसायचं, घरी येताना पुन्हा पहिलं. पण आम्हाला खरं सांगायचं आहे ते निराळंच. व्यासपीठावर आपण त्या शेणाविषयी इतकं बोलतो की लुगडं बदलून झाल्यावर माईंनी वर्गात काय केलं, हे सांगायला वेळच उरत नाही. दगड मारणारे दारापर्यंतच होते. आत फळा होता, पोरी होत्या, आणि रोजचं काम होतं.

१८४९ साली गोविंदरावांवर जातीचा दाब आला. शाळा सोडा नाहीतर घर सोडा, असा पेच पडला. नवराबायकोनं घर सोडलं. पहिली शाळा काही काळ बंद ठेवावी लागली. गंज पेठेत उस्मान शेख यांच्या घरात त्यांना आसरा मिळाला, असं चरित्रकार लिहितात. त्याच घरातल्या फातिमा शेख माईंच्या सोबतीनं शिकवू लागल्या. अलीकडे कोणी कोणी फातिमा नावाची बाई झालीच नाही असं म्हणायला लागलेत. त्यांनी माईंचं १८५६ चं पत्र वाचावं, त्याविषयी पुढं येईलच. आम्ही धामणकर नाक्यावर राहणारी माणसं. शेजारी पद्मनगरात तेलुगू विणकर, पलीकडे उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी आणि यादव, इकडे आम्ही मराठवाडा आणि कोकणातून पोटासाठी आलेलो. १९७० ची दंगल थोरांकडून ऐकली, १९८४ ची पोरवयात डोळ्यांनी पाहिली. त्यामुळे आपल्या पहिल्या शाळेच्या मागं एका मुसलमान घराचं छप्पर होतं, ही गोष्ट आम्ही तरी विसरणार नाही.

मग काम वाढलं. ३ जुलै १८५१ ला अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा, १७ सप्टेंबर १८५१ ला रास्ता पेठेत, १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत. महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. त्यांच्या कारभारासाठी १८५३ साली मंडळी स्थापन झाली. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर असे ब्राह्मण मित्रही सोबत होते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. सरकारच्या दक्षिणा फंडातून थोडी मदत मिळू लागली. पण माईंचं काम बिनमोलाचंच राहिलं. संसार चालवायला जोतीरावांनी १८५४ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली.

आमच्या सभांतून अठरा शाळांचा आकडा घोषणेसारखा दिला जातो. द्यावा, हरकत नाही. पण शाळा काढणं एका दिवसाचं काम आहे. फीत कापली, नारळ फोडला, झालं. दुसऱ्या दिवशी पोरगं येतं का, आणि दोन महिन्यांनी तेच पोरगं येतं का, तिथं खरी परीक्षा. महारवाड्यातून, मांगवाड्यातून पोरं आणायची म्हणजे काय होतं? आईबापांनी जन्मात पाटी पाहिलेली नाही. वर, शिकाल तर देव कोपेल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात भरलेली. लहुजी वस्ताद साळवे यांचा तालमीचा दबदबा मोठा. ते आणि राणबा महार वस्तीत फिरून आईबापांना समजावत आणि पोरं शाळेत घालत. पोरं आली तरी ती टिकवणं वेगळं. पोर शाळेत बसलं की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. हे ओळखून फुले दांपत्यानं मुलांना विद्यावेतन द्यायला सुरुवात केली. शिकण्याबरोबर हाताला धंदा यावा, असाही त्यांचा आग्रह होता. आईबापांना शाळेत बोलावून त्यांच्याशी बोलायचं, ही रीत त्यांनी पाडली. आज मोठमोठ्या शाळांत पालक सभा म्हणून चहाबिस्किटं देतात, तिची सुरुवात ही अशी आहे.

हे वाचताना आम्हाला आमचंच आठवलं, ते इथं लिहितो. आम्ही सातवीत शाळा सोडली. कुणी काढलं नाही, कुणी मारलं नाही. घरात वडील आजारी पडले म्हणून चार दिवस लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला गेलो. पाचव्या दिवशी शाळेत जायचं होतं, गेलो नाही. आठवडा गेला, महिना गेला. हजेरीपटावर आमच्या नावापुढं गैरहजर लागत गेलं असणार. पण कुणी दारात आलं नाही. त्या शाळेचं नाव इथं घेत नाही, तिच्यावर रागही नाही, एका गुरुजीपुढं साठसत्तर पोरं होती. एवढंच, की कुणी विचारायला येईल अशी आम्ही काही दिवस वाट पाहिली होती. पुढं कांडीवरून साच्यावर गेलो, साच्यावरच मिशा आल्या, आणि वाचायला शिकलो ते विहारातल्या पुस्तकांवर.

माईंच्या शाळेतून काय निघालं, त्याचा एकच दाखला पुरे आहे. मुक्ता साळवे नावाची मांगाची मुलगी तीन वर्षं या शाळेत शिकली आणि तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो ज्ञानोदय या पत्रात छापून आला. आमच्या लोकांना कोणता धर्म आहे, असा सरळ सवाल या पोरीनं देवाला आणि समाजाला केला. वेद ज्यांनी आपल्या ताब्यात ठेवले त्यांना तिनं जाब विचारला. इमारतींच्या पायात माणसं पुरली गेली, बाळंत होणाऱ्या बायांना डोक्यावर छप्पर नव्हतं, हे सगळं तिनं लिहिलं. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५ साली केली. त्याच्या ऐंशी वर्षं आधी शाळकरी पोरगी हा प्रश्न कागदावर मांडते. तीन वर्षांच्या शाळेत! नुसती बाराखडी गिरवून घेणाऱ्या मास्तरणीच्या हातून अशी पोरगी निघत नाही. वर्गात प्रश्न विचारायची मुभा असल्याशिवाय असं लिहिणं होत नाही, असं आमचं मत आहे.

१२ फेब्रुवारी १८५३ ला मुलींची जाहीर परीक्षा झाली, ती पाहायला पुण्यात हजारोंचा जमाव लोटला होता. त्या काळच्या एका इंग्रजी पत्रानं तर सरकारी शाळांतल्या मुलांपेक्षा जोतीरावांच्या शाळांतल्या मुलींची संख्या दसपट असल्याचं लिहिलं होतं. १८५५ साली शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली. दिवसभर राबून आलेली माणसं रात्री पाटी घेऊन बसत. रातपाळी आणि रात्रशाळा यांच्यातली ओढाताण आमच्यासारख्याला सांगायला नको. डोळे मिटत असताना अक्षर गिरवायचं म्हणजे काय, ते गिरवणाऱ्यालाच ठाऊक.

आता ते पत्र. माईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत. पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून. माई आजारी पडून माहेरी गेल्या होत्या, भाऊ शुश्रूषा करत होता. तो भाऊच त्यांना बोलतो, की महार-मांगांसाठी जे करता ते सोडा, भटजी सांगतात तसं वागा. माईंनी अंथरुणावरूनच त्याची समजूत घातली आणि शिक्षण का हवं ते आईसमोर मांडलं. हे सगळं त्यांनी नवऱ्याला कळवलं. आणि त्याच पत्रात त्यांना काळजी आहे ती फातिमाची. आपण इथं पडून आहोत, तिकडे फातिमाला एकटीला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. आम्ही हे पत्र दोनदा वाचलं. आजारी बाई माहेरी झोपली आहे, आणि जीव गुंतलाय तो वर्गात, सोबतच्या बाईवर पडलेल्या ओझ्यात. धंद्याचा मास्तर रजा मिळाली की सुटला म्हणतो. इथं तसं नव्हतं.

यानंतर दिवस पालटले. १८५७ चं बंड झालं, सरकारचं मन फिरलं, पैसा आटला. मंडळीतही मतभेद झाले. नऊ-दहा वर्षं काम केल्यावर जोतीरावांनी महार-मांगांच्या शाळांच्या कारभारातून अंग काढून घेतलं. मुलींच्या शाळा पुढं शिक्षण खात्याकडे गेल्या. चरित्रलेखक हा भाग घाईनं उरकतात, कारण हार लिहायला कुणाला आवडत नाही. आम्हाला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. अंगावर शेण झेलून उभ्या केलेल्या शाळा हातातून गेल्या, तेव्हा माई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. पुढं जवळजवळ चाळीस वर्षांचं आयुष्य बाकी होतं. शाळा गेली म्हणून मास्तरीण घरी बसली नाही.

१८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा पुढं दत्तक घेतला, तोच डॉक्टर यशवंत. १८६८ साली घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. महाडच्या आधी एकोणसाठ वर्षं! त्याच साली नायगावहून लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग आहे. एक ब्राह्मण मुलगा आणि एक महार मुलगी यांचं प्रेम जमलं म्हणून गाव त्यांना मारत-धिंडवत नेत होतं. माई मध्ये पडल्या, इंग्रज सरकारचं भय घातलं आणि दोघांचा जीव वाचवला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्या कामात त्या होत्याच. १८७६-७७ च्या दुष्काळात जुन्नर, ओतूर भागात हिंडल्या. धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चाललं, त्यात त्यांनी स्वतः राबून पोरांना जेवू घातलं. भुकेलं पोर शिकत नाही, हे त्यांना कुठल्या योजनेनं शिकवलं नव्हतं.

१८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं. मुलींच्या शाळेत आपण आणि आपली पत्नी अशा दोघांनी अनेक वर्षं काम केलं, हे त्यांनी त्यात नोंदवलं. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही त्यातच. आपल्याकडे सक्तीचा कायदा २००९ साली झाला आणि २०१० साली लागू झाला. मध्ये गेलेली वर्षं वाचकांनीच मोजावीत. पण विहारातल्या त्या पोरीला आम्ही मुद्दाम वाचून दाखवला तो निवेदनातला दुसरा भाग. शिक्षक शेतकरी-कष्टकऱ्यांतून घ्या, गरज पडली तर नांगराचा रुमणा हातात धरायला लाजणार नाहीत असे घ्या, त्यांना नीट शिकवून तयार करा, आणि त्यांना दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. ज्या घरातली बाई बिनपगारी शिकवत राहिली, त्या घरानं शिक्षकासाठी पगार मागितला. सेवा म्हणून फुकट राबा, असं त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. पोरगी ऐकून हसली आणि म्हणाली की हे समितीलाही वाचून दाखवा. दाखवणार आहोत. अभ्यासवर्गाच्या मुलींना प्रवासखर्चापुरतं तरी मानधन द्यावं, हा विषय आम्ही पुढच्या बैठकीत ठेवला आहे.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा माईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग शिरला. लोक घरं सोडून पळत होते. माईंनी फौजेत डॉक्टर असलेल्या यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. वय सहासष्ट. आजारी माणूस वस्तीत कुठं पडलाय ते जाऊन बघायचं आणि उचलून दवाखान्यात आणायचं, असं काम सुरू झालं. पोरं शाळेत येत नसतील तर त्यांच्या वस्तीत जायचं, ही सवय पन्नास वर्षांपूर्वीचीच होती. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. माई गेल्या, पोराला पाठीवर घेतलं आणि माळावरच्या दवाखान्यात आणलं. पोरगं बरं झालं. माईंना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला रात्री नऊच्या सुमारास त्या गेल्या.